पिवळ्या इशाऱ्यात पाखरं: नकाणे ते हतनूर

ऑक्टोबरात पक्षी बघायला निघायचं तर हवामान खात्याने पिवळा इशारा दिलेले दिवस निवडावेत, हे माझं मत आमच्या घरात कुणालाच पटत नाही. अपवाद मामांचा, आणि त्यांनाही ते पाखरांमुळे नाही, पाण्यामुळे पटतं. त्यांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कुठे किती मिलिमीटर पडला आणि ते पाणी कुठल्या नदीतून कुठे कधी पोचणार, हा हिशेब निवृत्तीनंतरही सकाळच्या चहाआधी होतोच. मी मोबाईलवर वाऱ्याचे नकाशे बघते, ते धरणांचे आकडे बघतात. गाडी त्यांची, दुर्बीण माझी.

यंदा कोजागिरीच्या तोंडावर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि खान्देशात विजांसह पावसाचा अंदाज आला. मोसमी पाऊस तर कागदोपत्री संपलेला होता. त्याची माघार सरासरीने 17 सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून सुरू होते आणि 15 ऑक्टोबरपर्यंत तो देशातून निघून जातो. सैबेरिया, मंगोलिया, कझाकस्तानकडून बदकं, चिखलात टोचत फिरणारे टिलवे, शेतांवरून शिकार करणारे भोवत्ये खाली उतरतात तेही नेमके याच दिवसांत. त्यातले बहुतेक रात्री उडतात. आभाळ निरभ्र आणि वारा पाठीवर असला की ते आपल्या डोक्यावरून सरळ पुढे निघून जातात, आणि सकाळी तलावावर गेलेला माणूस म्हणतो, यंदा पाखरं उशिरा येणार वाटतं. पाऊस लागला किंवा वारा समोरून फिरला की मात्र त्यांना असतील तिथे उतरावं लागतं. बिघडलेल्या हवेत पक्षी वाढत नाहीत, ते थांबतात. आपल्याला हवं असतं ते त्यांचं थांबणं. म्हणून भाऊ ‘या पावसात कुठे?’ म्हणत असताना मी रेनकोट पिशवीत कोंबत होते.

कोजागिरी, धुळे

दुपारी चारला नकाणे तलावावर. आभाळ अर्धं झाकलेलं, वारा पूर्वेकडचा आणि दमट. एरवी या दिवसांत हवा कोरडी होऊन संध्याकाळी ओठ फुटायला लागतात. आज दुर्बिणीच्या काचा पुसून पुरेवाट झाली.

माळभिंगऱ्या पाण्याला पोट घासेल इतक्या खाली उडत होत्या. भिंगऱ्या खाली आल्या की पाऊस येतो, असं जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे, फक्त भिंगरीला पावसाचं भविष्य कळतं असं नाही. ऊन असलं की तापलेली हवा वर चढते आणि तिच्याबरोबर बारीक किडेही वर जातात. आज ऊन नव्हतं, किडे पाण्यालगत राहिले, त्यांच्यामागे भिंगऱ्या आल्या. हवेचा दाब उतरल्याचं मात्र पाखरांना कळतं असं दिसतं. अमेरिकेत पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या एका चिमणीवर प्रयोग झाले, त्यात पिंजऱ्यातला दाब वादळापूर्वीसारखा कमी केल्यावर त्या लगेच खाण्याकडे वळल्या. पुढे खायला मिळेल न मिळेल, आताच पोट भरून घ्या, असा सरळ व्यवहार.

तलावापलीकडच्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला. या बाया मध्य आशियातून जुलै-ऑगस्टपासूनच यायला लागतात, त्यांना ऑक्टोबरच्या हवेचं फारसं देणंघेणं नसतं. थवा उठला की अख्खं शेत उठल्यासारखं वाटायचं. मामांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. बदकांमध्ये फक्त आपली घरची हळदी-कुंकू. तलाव काठोकाठ भरलेला, म्हणजे चिखलाची पट्टीच नाही, म्हणजे टिलव्या-तुतवारांना उभं राहायला जागा नाही. धुळ्याला पाणी पाजणारा तलाव भरला म्हणून कुरकुरणारी मी एकटीच असेन.

रात्री गच्चीवर वेगळाच बेत होता. पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बीण रोखून बसायचं आणि चंद्रबिंबावरून जाणारे पक्षी मोजायचे. ही पद्धत लुइझियानाच्या जॉर्ज लॉवरी या पक्षिशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात रूढ केली. 1952 च्या ऑक्टोबरात तर चार रात्री उत्तर अमेरिकेभर हजाराहून जास्त लोक असे चंद्राकडे बघत बसले होते, आणि त्या मोजणीतून एक गोष्ट ठळक झाली: पाखरांचा ओघ वाऱ्याच्या रोखाने जातो. कोजागिरीला आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र आपणहून गच्चीवर असतो. मसाला दूध आटेपर्यंत दुर्बिणीला डोळा लावला तर काय जातं? पण नऊ वाजता आभाळ पुरतं झाकलं. दूध चंद्र न दाखवताच प्यायलो. साडेअकराला पहिली सर आली.

दुसरा दिवस, धुळे ते अनेर

आग्रा रोडने निघालो. सोनगीरचा किल्ला ढगात, नरडाण्यापर्यंत वायपर चालू. वारा अजून पूर्व-आग्नेयेचा. उत्तरेकडून येणाऱ्याला हा वारा तिरका समोरून लागतो, त्यात पाऊस. सातपुडा ओलांडून आलेलं छोटं पाखरू अशा रात्री तापीच्या खोऱ्यातच टेकणार, असा माझा अंदाज होता. सातपुड्याची उंची पाखरांच्या दृष्टीने काहीच नाही. तोरणमाळही साडेअकराशे मीटरच्या आसपास. पण डोंगराच्या दक्षिण अंगाला एकदम सपाट, काळं, पाण्याचं खोरं लागतं. दमलेल्याला आणखी काय पाहिजे?

शिरपूरच्या अलीकडे कपाशीच्या शेतांपाशी थांबलो. फुटलेली बोंडं भिजून लोंबत होती, काहींचा कापूस मातीला टेकला होता. एका झाडाच्या वरच्या वाळक्या फांदीवर गप्पीदास नर बसला होता, रस्त्यापासून सात-आठ पावलांवर. या दिवसांत तो वसंतातल्यासारखा चकचकीत नसतो. डोक्यावरच्या काळ्या पिसांना भुऱ्या कडा असतात, त्यामुळे काळा रंग राखेखाली झाकल्यागत दिसतो. छातीवर गंजाचा रंग, मानेच्या बाजूला पांढरा डाग. पोटाची पिसं भिजून चिकटलेली, त्यामुळे पाय नेहमीपेक्षा लांब वाटत होते. तो सारखी शेपटी खाली झटकत होता आणि दर झटक्याला एक थेंब उडत होता. मग सरळ खाली मातीत, एक हिरवट अळी घेऊन परत त्याच फांदीवर. अळी फांदीवर दोनदा आपटली, गिळली, अंग फुलवून झटकलं आणि पुन्हा खाली. दहा मिनिटं हेच. रात्री उडणाऱ्याला दिवसा भरपाई करावी लागते. पुढच्या झाडावर दुसरा गप्पीदास, त्यापुढे मादी, मग आणखी एक. नेहमी मोठ्या शेतात एखादाच दिसतो, तिथे आज कपाशीच्या ओळीओळीत बसलेले होते.

बांधावरून एक आप्पा गोणपाट डोक्यावर घेऊन आले.

“काय देखी ऱ्हायनात?”

“पाखरे देखी ऱ्हायनूत, आप्पा,” मामा म्हणाले.

“पाखरे देखा. आठे कपाशी वल्ली व्हयी गयी.”

मामांनी दुर्बीण खाली केली आणि वेचणी किती राहिली, मजूर मिळतात का, कुठे किती पडला, असं बोलत बसले. मीही दुर्बीण गळ्यातून काढून गाडीत ठेवली. पक्षिमित्रांच्या गप्पांमध्ये वादळ म्हणजे चंगळ असं जे बोललं जातं, ते बांधावर उभं राहून बोलून दाखवावं. भिजलेल्या कापसाचा भाव पडतो, सरकीला कोंब येतात, कापलेली ज्वारी काळी पडते. अळी मात्र वर येते, आणि ती गप्पीदासाच्या उपयोगाची असते. दोन्ही गोष्टी एकाच पावसाच्या.

अनेर धरणाच्या वाटेवर भिंगऱ्या डांबरावर बसलेल्या दिसल्या, पाचपन्नास तरी. तारांवर जागा होती, तरी रस्त्यावरच. डांबरात उरलेली थोडी ऊब आणि हवेत उडणारे किडे नाहीत. मग उडून दम का घालवायचा? मामांनी गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा त्या उठल्या आणि टेम्पो गेल्यावर परत तिथेच.

अनेरच्या जलाशयावर फारसं काही नव्हतं. धुकट पाणी, दोन कवडे खंडे, एक तुतवार. अर्ध्या तासात निघालो.

तिसरा दिवस, चोपडा

दिवसभर पाऊस. खाली उपाहारगृह, वर खोली. सकाळी आणि संध्याकाळी शेवभाजी, मध्ये मामांचे फोन. बऱ्हाणपूरकडे किती, अकोल्याकडे किती, पूर्णेला काय. तापी मुलताईहून येते, पूर्णा अकोला-बुलढाण्याचं पाणी घेऊन चांगदेवला तिला मिळते, आणि दोघींचं मिळून पाणी हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपाशी येऊन थांबतं. म्हणून हतनूरच्या काठावर चिखल किती उघडा राहील हे हतनूरच्या पावसावर ठरत नाही. भुसावळला कडक ऊन असताना धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो त्या यामुळेच. “अकोल्याच्या पाण्याला एक-दोन दिवस लागतील,” मामा म्हणाले, “तोवर तुझ्या टिलव्यांची चैन.”

मी वाऱ्याचे नकाशे बघत पडले होते. मामांनी विचारलं, समुद्रात वादळ आहे तर समुद्रावरची पाखरं इकडे फेकली जातील का? मोठं चक्रीवादळ थेट किनाऱ्यावर आदळलं तर तसं होतं खरं; फ्रिगेट आणि समुद्री सुरयांसारखे पक्षी जमिनीवर आतपर्यंत ढकलले गेल्याच्या नोंदी जगभर आहेत. पण ऑक्टोबरातली अरबी समुद्रातली वादळं बहुधा आपल्याकडे पाठ करून जातात. 2019 च्या दिवाळीतलं ‘क्यार’ महाचक्रीवादळाच्या ताकदीचं झालं आणि ओमान-येमेनच्या दिशेला सरकत विरलं. ते असतानाच ‘महा’ उठलं, ते गुजरातकडे वळून ढेपाळलं. दोन वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात, हा प्रकार दुर्मिळ. किनाऱ्याला धडक एकाचीही नाही, तरी आपल्याकडची उभी पिकं दोघांनी मिळून झोपवली. उलट दिशेनेही येतात: 2021 मधलं ‘गुलाब’ 26 सप्टेंबरला पूर्व किनाऱ्यावर चढलं, त्याचे अवशेष महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरले आणि तिथे ‘शाहीन’ होऊन ओमानला गेले. अशा वाटेवर खान्देश येतो. म्हणून मी बंगालच्या उपसागराकडे जास्त लक्ष ठेवते, आणि समुद्रपक्ष्यांची आशा धरत नाही. दोनेकशे किलोमीटर आणि मध्ये सह्याद्री आहे.

दुपारी पाऊस मोजायच्या रडारची चित्रं बघताना मामांना एक किस्सा सांगितला, तो त्यांना फार आवडला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवर न कळणारे ठिपके दिसायचे, विमान नाही, जहाज नाही. चालकांनी त्यांना ‘एंजल’ म्हणायला सुरुवात केली. 1945 मध्ये डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी दाखवून दिलं की त्यातले पुष्कळ ठिपके पक्ष्यांचे आहेत. आज अमेरिकेत हवामानाच्या रडारवरूनच रात्री किती पाखरं वर आहेत याचा अंदाज रोजच्या रोज प्रसिद्ध होतो. मामा म्हणाले, “म्हणजे पाऊस समजून आम्ही पाखरंच मोजली असतील कधी.” मग तेच वाक्य त्यांनी फोनवर तीन जणांना ऐकवलं.

रात्री दहाला खिडकी उघडली तर वारा गार होता. झेंड्याची दोरी दक्षिणेकडे ताणलेली. वारा उत्तरेचा झाला होता.

चौथा दिवस, चोपडा ते मुक्ताईनगर

पहाटे एकही ढग नाही. अडावद, किनगाव, यावल, फैजपूर असा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, डावीकडे धुतलेला सातपुडा, झाडन् झाड मोजावं असा. मामांना मी रानपिंगळ्याची गोष्ट परत सांगितली, जी ते दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतात. 1873 साली ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने नोंदवलेला हा पिंगळा 1884 नंतर कुणाला दिसलाच नाही. नंतरची म्हणून जी नोंद होती ती मायनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलची, आणि त्याने संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यांवर खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. ते प्रकरण पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी उघडकीला आणलं, आणि 1997 च्या नोव्हेंबरात त्यांच्याच चमूला रानपिंगळा भर दिवसा बसलेला सापडला. कुठे? आपल्या शहाद्याजवळ. हा पठ्ठ्या स्थलांतर करत नाही. वादळ येवो, वारा येवो, सागाच्या रानात बसलेला. त्यामुळे या सहलीत त्याचं काही काम नव्हतं, पण त्या डोंगराकडे बघत त्याचं नाव न घेता जाणं जमत नाही.

मला आज बघायचे होते भोवत्ये. शिकारी पक्ष्यांतले गरुडासारखे जड पक्षी ऊन तापून हवा वर चढायला लागल्याशिवाय हलत नाहीत. भिजलेली काळी जमीन लवकर तापत नाही. सूर्याची बरीच ऊब पाण्याची वाफ करण्यातच जाते. त्यामुळे पावसानंतरच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी गरुड आळशासारखे अकरा-साडेअकरापर्यंत झाडांवर बसून असतात. भोवत्ये हलके, लांब पंखांचे, त्यांना उन्हाची वाट बघावी लागत नाही. अडावदच्या पुढे एका शेताच्या कडेला सकाळी आठला थांबलो तेव्हा पहिली माँटेग्यू भोवत्याची मादी कपाशीवरून हातभर उंचीने गेली, पंख वर धरून, डोकं खाली. मागे आणखी एक. तासाभरात नऊ, सगळे उत्तरेकडून दक्षिणेकडे, कुणी शिकारीला रेंगाळत नव्हतं. भारतात हिवाळा काढणाऱ्या या भोवत्यांना लावलेल्या ट्रान्समीटरांवरून त्यांची घरं कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत असल्याचं कळलं आहे. दोन दिवस सातपुड्यापलीकडे अडकलेले आज एकदम सुटले असावेत, असं मी वहीत लिहिलं. पुरावा नाही, पण वारा फिरल्याच्या दुसऱ्या सकाळी भोवत्यांची रांग लागणं योगायोग वाटत नाही.

एक नर गेला तेव्हा मात्र मी वही ठेवून दिली. राखाडी, पंखांची टोकं काळी, मागे हिरवा सातपुडा.

यावलच्या पुढे केळी सुरू. इथे वारा तसा जोराचा आला नव्हता, पानं फाटली होती पण खोडं उभी. शेवरीच्या कुंपणाआडच्या बागा तर जवळजवळ शाबूत. मामांनी समाधानाने मान हलवली आणि बामणोदच्या वांग्यांच्या भरताला अजून वेळ आहे का, याची एका टपरीवर चौकशी केली. वेळ होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा मात्र मिळाला.

तोवर हवेत चतुर दिसायला लागले, पिवळसर, रुंद पंखांचे, केळीच्या वर थव्याने. हेच चतुर पाऊस सरल्यावर भारतातून मालदीववरून आफ्रिकेकडे समुद्र ओलांडतात, असं चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं. ईशान्येचा वारा स्थिरावला की ते निघतात, आणि त्याच वाऱ्यावर नोव्हेंबरात अमूर ससाणे नागालँडहून निघून भारत आणि अरबी समुद्र पार करतात. 2013 मध्ये ट्रान्समीटर लावलेले नागा, वोखा आणि पांगती हे ससाणे असेच गेले. प्रवासात चतुर खातात, म्हणजे शिदोरी बरोबरच उडते. समुद्रातलं वादळ या दिवसांत या सगळ्यांच्या वाटेत आडवं येतं. ते ओसरल्यावर वारा किती पटकन ईशान्येचा होतो, यावर पुढचं सगळं.

मुक्काम मुक्ताईनगरला, मामांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे. रात्री नऊला चंद्र हातभर वर आला. गच्चीवर स्पॉटिंग स्कोप लावला. मामांच्या मित्रांचा विश्वास बसेना. “चंद्रावर काय पाखरं दिसतात ताई?” पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग उजव्या कडेवरून एक काळा ठिपका सरसर तिरका गेला, दोन पंख स्पष्ट. पाठोपाठ तीन, एका रेषेत. मी ओरडले. मामांनी डोळा लावला आणि त्यांनाच एक मोठा दिसला, लांब मानेचा, “बदक, बदकच!” साडेदहापर्यंत अडतीस. चंद्राचं बिंब आभाळाचा किती लहान तुकडा असतो हे लक्षात घेतलं तर त्या रात्री वर काय चाललं असेल! सगळे ठिपके ईशान्येकडून नैऋत्येकडे. शेवटी मामांचे मित्र स्कोप सोडेनात आणि त्यांच्या वहिनींनी खालून दोनदा हाक मारली.

पाचवा दिवस, चांगदेव आणि हतनूर

सहाला चांगदेवच्या बाजूने पाण्याच्या काठावर. उजाडताच आवाज, मग पाणी दिसलं, मग पाण्यावर पाखरं. तलवार बदकं, थापटे, चक्रांग, डोळ्यावर पांढरी भुवई असलेली भुवई बदकं, मध्ये पोवळ्यासारख्या लाल चोचीची एक मोठी लालसरी. त्यातली निम्मी झोपलेली, चोच पाठीत. उन्हं आली तरी झोपलेली. नाव काठाला लावणाऱ्या भोई दादांनी विचारलं, “काय पाहू राह्यले ताई?” आणि आपणहून सांगितलं, परवापर्यंत इथं काही नव्हतं, काल रात्री पाणी वाजत होतं, सारखं काहीतरी उतरत होतं. हतनूरच्या पट्टकादंब हंसांबद्दल विचारलं. “ते उशिरा. थंडी पडल्यावर.”

हतनूर गाळाने भरत चाललंय, ही मामांच्या खात्याची जुनी डोकेदुखी. साठवण कमी झाली, उपसा कसा करायचा यावर नुसत्या बैठका. पण गाळामुळे काठ उतरता आणि मऊ झालाय. पाणी वीतभर उतरलं की चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते. या पट्टीवर आज छोटे टिलवे होते, शंभरेक, आणि त्यांच्यात ठिपकेवाले तुतवार, चार पाणटिवळे, दोन रफ. मी पोटावर सरकत जवळ गेले. मूठभर आकाराचा टिलवा, काळे पाय, चोच शिवणाच्या मशिनीच्या सुईसारखी चालते. पाच-सहा टोचण्यांनंतर एकदा गिळतो. ओला चिखल असेल तिथेच. चार बोटं वर सुकलेल्या कडेला फिरकत नाही, घोट्याच्या वर पाण्यातही जात नाही. अख्ख्या जलाशयातली त्याची जागा म्हणजे पाण्याच्या कडेची वीतभर रुंदीची पट्टी.

साडेसातला मामांचा फोन वाजला. पूर्णेला पाणी आलं होतं. मामांनी पाण्याच्या कडेला एक तुराटी रोवली आणि घड्याळ बघितलं. मी म्हटलं, मामा, एवढ्या मोठ्या पाण्यात काय कळणार? ते काही बोलले नाहीत. साडेआठला तुराटीचं बूड चार बोटं पाण्यात होतं आणि काठ उतरता असल्याने पाणी आठ-दहा पावलं आत सरकलं होतं. टिलवे पाण्याच्या पुढे पुढे, माझ्याकडे येत राहिले. एक तर इतका जवळ आला की दुर्बिणीत मावेना. नऊला पट्टी गवताला भिडली. टोचायला जागा उरली नाही तशी कुणीतरी एक टीक् केलं, सगळे एकदम उठले, पाण्यावर एक वळण घेऊन पश्चिमेला गेले. पाणटिवळ्यांचे पाय लांब, ते राहिले. बदकांना तर काही फरकच पडला नाही. सलग दोन दिवस ऊन, तरी टिलव्यांना हतनूर सोडावं लागलं ते अकोल्याकडच्या परवाच्या पावसामुळे. मामांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. हिशेब तासाच्या फरकाने बरोबर आला होता.

दहाच्या सुमाराला धरणाचा भोंगा वाजला आणि काही दरवाजे उचलले गेले. आम्ही लांबून, वरूनच बघत होतो. खाली उतरू नका, असं मामांनी शेजारच्या पोरांनाही दटावलं. खालच्या अंगाला पाणी फेसाळून पुढे गेलं आणि पाच मिनिटांत नदी सुरय जमले, त्यांच्यामागे बगळे. फेसात गरगरलेले मासे वर येतात आणि सुरयांना नुसतं वाकून उचलायचे असतात. मग वरच्या बाजूने एक कैकर आला, फेसावर एका जागी पंख मारत थांबला, पाय पुढे करून खाली कोसळला आणि चकाकणारा मासा लांबट धरून निघाला. दोन घारी मागे लागल्या. मासा सुटला. कैकर परत आला, परत थांबला. दुसऱ्या वेळी मासा छोटा होता आणि घारींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

परतताना सारंगखेडा-प्रकाशाकडून जाऊ या का, असं मी विचारलं. तापीचे टिलवे पश्चिमेलाच गेले होते. मामांनी मान हलवली. हे पाणी सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशा तिन्ही बॅरेजांवर चढत जाणार, तिकडेही दरवाजे उघडणार, आठवडाभर चिखल विसर. टिलव्यांना नदी सोडून शेतांतली साचलेली डबकी शोधावी लागतील. तेवढ्यात धुळ्याहून भावाचा मेसेज आला, काल संध्याकाळी लळिंगच्या कुरणावर ‘त्या कपाशीवरच्या घारी’ पंधरा-वीस तरी उतरल्या म्हणून. ‘घारी नाहीत, भोवत्ये,’ मी उत्तर टाकलं, आणि ‘आज संध्याकाळी पाचला तयार राहा.’ मामा म्हणाले, भुसावळला जेवून निघालो तर चारपर्यंत पोचू, पण रस्त्यावर खड्डे आहेत, तू मागे बस आणि दुर्बीण मांडीवर धर.